साबणाने रोज धुवायच्या यंत्रात कोणता छोटा स्पीकर टिकतो?

माझ्या ताईच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला बोलता येत नाही, समजतं मात्र सगळं. त्याच्यासाठी मी एक बोलकं बटण बनवलं. तळहाताएवढं, पिवळंधमक, दाबलं की ‘मला पाणी हवंय’ असं म्हणणारं. आवाज त्याच्याच वयाच्या शेजारच्या मुलाचा भरला, कारण आठ वर्षांच्या पोराने मावशीच्या आवाजात का बोलावं? बटण जेवताना ताटाशेजारी असतं. त्याच्यावर लाळ सांडते, वरण सांडतं, आमरसाच्या दिवसांत आमरसही सांडतो. म्हणून ताई रोज रात्री भांड्यांबरोबर तेही घासून ठेवते.

पहिलं बटण अकरा दिवस चाललं. त्यात बसवलेल्या स्पीकरच्या कागदावर आयपी ६७ (धूळ-पाणी किती अडतं याचा आकडा) लिहिलेलं होतं. बाराव्या दिवशी ‘पाणी’ हा शब्द गोधडीखालून आल्यासारखा ऐकू आला आणि दोन दिवसांनी नुसती खरखर उरली. उघडून पाहिलं तर जाळीमागचा पांढरा पडदा ओला होऊन अर्धपारदर्शक झालेला, त्याच्या आत दुधाळ थेंब, आणि स्पीकरच्या पोलादी कडेला नारिंगी गंज. पडदा कुठेही फाटला नव्हता, तरी पाणी आत गेलं होतं.

त्यानंतर मी अशी बरीच बटणं बनवली. धुवायच्या कोणत्याही छोट्या यंत्रासाठी, मग ते बाळाचं खेळणं असो, न्हाणीघरातलं घड्याळ असो की दवाखान्यातलं एखादं उपकरण, स्पीकर कसा निवडायचा ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम: धुण्याची पद्धत कागदावर लिहा

स्पीकर शोधायला बसण्याआधी यंत्र धुणाऱ्या माणसाशेजारी उभं राहा आणि नुसतं बघा. माझ्या कागदावर असं उतरलं: ‘नळाखाली, भांड्यांच्या लिक्विड साबणाने, स्पंजने, रोज एकदा, साधारण दोन मिनिटं. थंडीत कोमट पाणी. मग भांड्यांच्या जाळीवर पालथं.’ पुढचे सगळे निर्णय या चार ओळींवरून झाले.

तुमचा कागद वेगळा असेल. दवाखान्यात ७० टक्के अल्कोहोलने पुसतात किंवा सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. हायपोक्लोराइट धातू खातं, त्यामुळे तिथे उघडं पोलाद चालणार नाही. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात, घालायची वस्तू असेल तर स्पीकर वेगळा काढता येईल अशीच रचना करा. स्पीकरमधलं साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक साधारण ८० अंशांपर्यंतच भरवशाचं असतं, आणि स्पीकरमधल्या गोंदाचाही भरवसा नसतो. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ वापर असेल तर खाऱ्या हवेचाही हिशोब धरा.

आयपीचा आकडा काय सांगतो आणि काय नाही

आयपी हे आयईसी ६०५२९ या मानकातलं मोजमाप आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्यासाठी ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर वेगाने मारलेली धार. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, ७ मिळालेल्या वस्तूची धारेची चाचणी झालेली असतेच असं नाही. ६ पर्यंतचे आकडे खालच्या आकड्यांना सामावून घेतात, पण बुडवण्याची परीक्षा वेगळी आणि धारेची वेगळी. नळाखाली धुवायचं असेल तर कागदावर पाण्यासाठीचे ५ आणि ७ किंवा ६ आणि ७ असे दोन्ही आकडे दिलेले शोधा (आयपी ६७ मधला ६ धुळीचा, तो यात धरू नका). दोन, बुडवण्याच्या चाचणीत पाणी स्वच्छ आणि स्थिर असतं, आणि त्याचं तापमान वस्तूच्या तापमानापासून ५ अंशांपेक्षा जास्त वेगळं नसतं. साबण नाही, घासणं नाही, गरम-गार नाही. म्हणजे ताईच्या बेसिनमध्ये रोज जे घडतं त्यातलं जवळजवळ काहीच त्या परीक्षेत नाही.

सुट्या स्पीकरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. त्याचा आकडा बहुतेक वेळा फक्त पुढच्या बाजूचा असतो, आणि तोही कडेने नीट गास्केट, म्हणजे फट बुजवणारी मऊ पट्टी, लावून बसवला तरच लागू होतो. मागची बाजू, तारा आणि सोल्डर उघडे. त्यांची जबाबदारी तुमची.

साबणामुळे सगळं बदलतं

माझं पहिलं बटण का गेलं ते इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

छोट्या यंत्रांत पाणी अडवण्याची एक सर्रास पद्धत म्हणजे स्पीकरपुढे बारीक छिद्रांचा पडदा लावणं. तो बहुधा ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, असतो. रॉबर्ट गोर यांनी १९६९ साली पीटीएफई झटक्यात ताणून जो सच्छिद्र पदार्थ मिळवला, त्याच कुळातला. त्याची छिद्रं इतकी सूक्ष्म असतात की हवा जाते आणि पाणी जात नाही. पाणी अडतं ते पृष्ठताणामुळे. साध्या पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो आणि पीटीएफईला पाणी भिजवत नाही, म्हणून पाण्याचा फुगीर काठ छिद्राच्या तोंडाशीच थांबतो.

त्यात भांड्यांचा साबण पडला की पृष्ठताण साधारण ३० च्या आसपास उतरतो. कळकट तेलात शिरण्यासाठीच साबण बनवलेला असतो आणि तो इथेही तेच करतो. पाणी छिद्रांत शिरतं. एकदा शिरलं की पडदा भिजतो, जड होतो, आवाज दबतो. वाळल्यावर साबणाचा थर छिद्रांत राहतो आणि पुढच्या वेळी साधं पाणीही आत जातं. अकरा दिवस लागले ते या थराला.

म्हणून माझा नियम असा: साबणाने धुवायच्या यंत्रात आवाजाच्या वाटेवर सच्छिद्र पडदा नको. पाणी अडवायला काहीतरी सलग, बिनछिद्र हवं. ते एकतर स्पीकरचा स्वतःचा, थरथरून आवाज काढणारा पडदा असेल, किंवा त्याच्यापुढे सैलसर लावलेली टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) पातळ फिल्म, किंवा यंत्राचं कवचच. सलग पदार्थातून साबणाचं पाणी जात नाही, आणि वरून ते निथळून जातं.

तीन वाटा

नुसता ‘टूं’ असा इशारा हवा असेल तर स्पीकर विसरा. पितळी पिझो चकती (वीज दिली की थरथरणारी) कवचाला आतून चिकटवा, भोक पाडायचं कारणच उरत नाही.

बोलणं किंवा गाणं हवं असेल आणि यंत्राला सपाट, कडक, दीड-दोन मिलिमीटर जाडीची एखादी बाजू असेल, तर एक्सायटर बघा. हा बिनपडद्याचा स्पीकर. तो कवचाला आतून चिकटतो आणि कवचच थरथरून आवाज देतं. पाण्याच्या दृष्टीने याहून निर्धास्त काही नाही. पण तो बॅटरी जास्त खातो, आणि यंत्र हातात घट्ट धरलं की आवाज बसतो. ताईच्या मुलाची मूठ आवळलेली असते. त्याच्या हातात एक्सायटरचं बटण जवळजवळ मुकं झालं, म्हणून मी ती वाट सोडली. टेबलावर किंवा भिंतीवर राहणाऱ्या वस्तूला मात्र मी आधी एक्सायटरच लावून पाहीन.

तिसरी वाट म्हणजे वॉटरप्रूफ स्पीकर.

स्पीकर पारखताना

सगळ्यात आधी स्पीकरचा स्वतःचा पडदा बघा. कागदाचा शंकूसारखा पडदा (कोन) नको, कितीही लेप दिलेला असला तरी. मायलार (म्हणजे पीईटी), पॉलिप्रॉपिलीन किंवा पीईईके अशा प्लास्टिकचा सलग पडदा हवा. त्याच्या कडेची वळी रबराची किंवा सिलिकॉनची हवी. फोमची वळी पाणी शोषते. पडदा आणि वळी जिथे चिकटली आहे ती गोल रेघ भिंगाखाली फिरवून बघा. गोंद सलग दिसला पाहिजे. मी एकदा मागवलेल्या दहा नगांपैकी एकाच्या रेघेत केसाएवढी फट होती. पुढून एक थेंब ठेवला आणि पाच मिनिटांत मागे ओल आली.

मग सांगाडा. पुढून पाणी लागणारा भाग प्लास्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा हवा. निओडिमियम चुंबकावर निकेलचा मुलामा असतो. तो खरवडला गेला की आतलं लोखंडयुक्त मिश्रण गंजून फुगतं आणि पडदा हलवणारी तारेची कॉइल ज्या फटीत फिरते ती बुजते. चुंबकाला चिमट्याने धरू नका.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटा स्पीकर हातात घेऊन बघता येतो, पण तिथे बहुधा डेटाशीट (उत्पादकाचा तांत्रिक माहितीचा कागद) मिळत नाही आणि पुष्कळ माल कागदी कोनाचाच असतो. प्रयोगासाठी तिथून घ्या. ज्याच्यावर एखादं मूल अवलंबून राहणार आहे तो स्पीकर डेटाशीट देणाऱ्या वितरकाकडूनच घ्या. जर्मन कंपनी व्हिसाटॉनचे नावात डब्ल्यूपी असलेले स्पीकर याच कामासाठी बनवलेले आहेत, त्यांची डेटाशीट एकदा वाचून ठेवा. काय काय लिहिलेलं असायला हवं ते त्यावरून कळतं.

आकाराचं म्हणाल तर बोलण्यासाठी २८ ते ४० मिलिमीटर व्यास मला पुरतो. जुन्या लँडलाइन फोनवरचं बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये बसवलेलं असायचं आणि आपल्याला ते कळायचं. तेव्हा स्पीकरची अनुनादाची वारंवारता (जिच्याखाली त्याचा आवाज झपाट्याने कमी होतो) ५००-६०० हर्ट्झ असली तरी शब्द समजतात. खालचा ढम् आवाज मिळवायच्या नादात मोठा स्पीकर घालू नका. ‘स’, ‘श’, ‘च’ हे वर्ण मात्र वरच्या वारंवारतांवर जगतात. डेटाशीटवरचा आवाजाचा आलेख ५००० हर्ट्झपर्यंत कोसळत नाही ना, एवढं बघा.

डेसिबलची तुलना करताना

दोन डेटाशीट शेजारी ठेवल्या की हमखास गोंधळ होतो, कारण प्रत्येकाने आवाज वेगळ्या अंतरावर मोजलेला असतो. समजा एकावर लिहिलंय ९० डेसिबल, १ वॉट, १० सेंटिमीटर. दुसऱ्यावर ८२ डेसिबल, १ वॉट, ५० सेंटिमीटर. पहिला मोठा वाटतो. पण दोन्ही १ मीटरवर आणा. अंतर दहापट झालं की २० डेसिबल वजा, दुप्पट झालं की ६ वजा. पहिला उरला ७०, दुसरा ७६. खरा मोठा दुसरा. मोजताना वॉट वेगळे असतील तर दहापट वॉटला १० डेसिबल धरा.

वॉटच्या मागेही फार धावू नका. ३.७ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) अॅम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला फार तर ०.८५ वॉटच्या आसपास स्वच्छ आवाज देऊ शकतो. तेव्हा १ वॉट, ८ ओहमचा स्पीकर बरोबर जुळतो. ३ वॉटचा घेतलात तर जाडी आणि वजन तेवढं वाढेल.

मागची हवा

स्पीकरच्या मागे बंद कप्पा लागतो. नाहीतर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. कप्पा जितका लहान तितकी मागची हवा ताठ, आणि आवाज किरटा. डेटाशीटवर मोजणीच्या वेळचा कप्पा दिलेला असतो, निदान तेवढा ठेवा. थ्रीडी प्रिंट केलेल्या कप्प्याचं आकारमान मोजायला मी १० मिलीची सिरिंज वापरते. कप्पा पाण्याने भरायचा आणि किती सिरिंज लागल्या ते मोजायचं. मग नीट वाळवायचा. हा कप्पा सर्किट आणि बॅटरीपासून वेगळा ठेवा, म्हणजे पुढून कधी गळलंच तर नुकसान स्पीकरपुरतं राहील.

आता दाब. पूर्ण बंद डबा सुरक्षित वाटतो, पण तसा तो नसतो. व्हीलचेअरच्या ट्रेवर उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेलं बटण २० अंशांच्या पाण्याखाली धरलं की आतल्या हवेचा दाब साधारण ८ टक्क्यांनी पडतो. म्हणजे ८० सेंटिमीटर खोल पाण्याइतका जोर बाहेरून आत ढकलतो, आणि तोही बेसिनमध्ये. जिथे केसाएवढी फट असेल तिथून यंत्र पाणी ओढून घेतं. मुंबईत बंद केलेला डबा महाबळेश्वरला न्या. सुमारे १३५० मीटर उंचीवर बाहेरचा दाब साधारण १५ टक्क्यांनी कमी, आणि डब्यातली सगळ्यात मऊ भिंत म्हणजे स्पीकरचा पडदा. तो बाहेर फुगतो, कॉइल जागेवरून सरकते, आवाज फाटतो.

उपाय म्हणजे हवेसाठी वेगळी वाट. मुख्य कवचाच्या तळाला, खोबणीत, तेल न धरणाऱ्या लेपाचं सच्छिद्र व्हेंट लावा. मघाशी सच्छिद्र पडदा नको म्हटलं ते आवाजाच्या वाटेवर. या व्हेंटमधून आवाज न्यायचा नसतो, म्हणून ते जाड आणि अधिक बारीक छिद्रांचं घेता येतं, आणि खोबणीमुळे स्पंज त्याच्यापर्यंत पोचत नाही. स्पीकरच्या कप्प्यातून मुख्य कवचात अर्ध्या मिलिमीटरचं एकच भोक ठेवा. दाब हळूहळू सारखा होतो आणि आवाजात फरक जाणवत नाही.

बसवताना

गास्केट बंद पेशींच्या सिलिकॉन फोमची घ्या आणि तिच्या जाडीच्या पंचवीस ते तीस टक्के दबेल इतकी आवळा. स्क्रू गाडीच्या चाकासारखे आडवे-तिडवे, थोडेथोडे पिळा. एका बाजूने आवळत गेलात तर समोरची बाजू उचलली जाते.

सिलिकॉन सीलंट घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते वाळताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि बंद डब्यात तांब्याच्या तारा हिरव्या पडतात. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं आणा.

तारांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. अनेक पदरी तारेच्या आवरणाच्या आतून पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं चढतं. मध्येच पाच मिलिमीटर आवरण सोला, त्या जागी सोल्डर पूर्ण मुरू द्या, आणि वरून हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, आतून गोंद असलेली नळी, बसवा. वात तिथेच तुटते.

जाळीला एक मिलिमीटरची गोल भोकं पाडू नका. त्यांत पाण्याचा थेंब अडकून बसतो आणि आवाज घुसमटतो. दोन मिलिमीटर रुंदीच्या, खाली उतरत्या लांबट फटी निथळतात. पण त्यांत भाताचं शीत बरोबर अडकतं. दुसऱ्या दिवशी ते वाळून दगड होतं आणि ताई ते टाचणीने काढायला जाते. माझा एक स्पीकर त्या टाचणीने गेला. आता मी जाळी फिरवून काढता येईल अशी करते आणि तिच्या मागे एक आडवी पट्टी ठेवते, म्हणजे सरळ टोचलेली वस्तू पडद्यापर्यंत जात नाही. जाळी आणि पडदा यांत दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा सोडा, पडद्याला हलायला लागते.

द्यायच्या आधी

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. निदान तीन नग बनवा आणि तिन्ही तपासा.

पहिली चाचणी पंक्चरवाल्याची. बंद केलेलं यंत्र, व्हेंट तात्पुरतं टेपने बुजवून, कोमट पाण्यात धरा. आतली हवा तापून फुगते आणि जिथे फट असेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. पाणी निवायच्या आत बाहेर काढा, नाहीतर तीच फट उलटं पाणी ओढेल. टेप काढायला विसरू नका.

दुसरी चाचणी वजनाची. सोनारी काम करणारे वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. कोरडं वजन लिहा, त्या कागदावरच्या पद्धतीने धुवा, पुसा, जाळीवर रात्रभर ठेवा आणि पुन्हा तोला. ०.१ ग्रॅम वाढलं असेल तर आत दोन थेंब आहेत. हे तीस वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण माझं बटण बाराव्या दिवशी गेलं होतं. तीन वेळा धुऊन मला ते कधीच कळलं नसतं.

तिसरी चाचणी आवाजाची. फोनवरून २०० ते ८००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर बनवून तो यंत्रात भरा आणि कपड्यांच्या कपाटात, ३० सेंटिमीटरवर दुसरा फोन ठेवून रेकॉर्ड करा. धुण्याआधीचं आणि तीस धुण्यांनंतरचं रेकॉर्डिंग एकामागून एक ऐका. कुठे खरखर आली असेल तर ती बोलण्याच्या गडबडीत लपते, चढत्या सुरात लपत नाही.

चार्जिंगचं भोकही टाळता आलं तर टाळा. क्यूआय पद्धतीची (बिनतारी चार्जिंगच्या फोनमध्ये असते तशी) कॉइल कवचाच्या आतून काम करते.

सध्याच्या बटणाच्या तळाला मी एक चिठ्ठी लॅमिनेट करून चिकटवली आहे, ताईसाठी आणि शाळेतल्या मावशींसाठी: ‘उन्हातून आणलं असेल तर अर्धा तास सावलीत ठेवा. मग धुवा. साबण चालेल, तारेची घासणी नको. स्वच्छ पाण्याने खळबळून जाळी खाली करून ठेवा. टाचणी लावू नका, जाळी डावीकडे फिरवली की निघते.’